डाव्या कुशीवर

दवाखान्यातल्या स्टुलावर बसून शिंपीबुवांनी दोन्ही दंड पुढे केले. डाव्या दंडावर साखर सांगणारा सेन्सर होता, कोटाच्या बटणाएवढा. उजवा दंड मोकळा.

"सेन्सरच्या दंडाला धक्का नको," नर्सताई म्हणाल्या. "दोन्ही लशी उजव्यातच."

"उजव्या हातावर माझी कात्री चालते हो."

"मग आज तिला बसू दे."

जन्मभर कापडाला सुई टोचली. कापडाची बाजू बुवांना आज कळली.

सेन्सरचा आकडा बुवांच्या फोनवर दिसे, तसाच लेकीच्याही. आई गेल्यावर लेकीने बजावलं होतं, "बाबा, पुन्हा एकदा माझ्या फोनवर साखरेचा भोंगा वाजला, तर मशीनवर झाकण, दाराला कुलूप आणि तुम्ही माझ्या घरी." बुवांनी मान डोलावली होती. पण या खिडकीतून मशीन हलवणं म्हणजे मुळासकट झाड हलवणं.

दुपारी जेवून ते आडवे झाले. बायको गेल्यापासून बुवा भिंतीकडे तोंड करून उजव्या कुशीवरच निजत. आज उजवा दंड निखाऱ्यासारखा झाला होता. थोडा वेळ ते छताकडे बघत राहिले, मग डावीकडे वळले. तिची उशी तिथेच होती. अभ्रा दर आठवड्याला बदललेला, डोकं कुणाचंच नाही. बुवांना गाढ झोप लागली.

त्यांचा फोन बॉबिनांच्या खणात कोकलत राहिला. लेकीचा मात्र कचेरीत वाजला. तिने शेजारच्या मास्तरीणबाईंना फोन लावला. किल्ली त्यांच्याकडेच असे.

बुवांनी डोळे उघडले तर समोर साखरपाण्याचा पेला.

"प्या, भाऊ. साखर उतरलीय तुमची."

"मला काही झालेलं नाही."

"साखर उतरली की माणूस असंच म्हणतं."

"अहो, मी ठणठणीत आहे."

"चिडलात. तेही लक्षणच."

यापुढे गप्प बसलं तर शुद्ध हरपली म्हणतील, हे ओळखून बुवांनी पेला रिकामा केला. बाईंनी दुसरा भरला. लेक रिकामी बॅग घेऊन दारात आली तेव्हा भोंगा पुन्हा वाजत होता.

"आता चढली," ती फोन बघत म्हणाली.

"चढणारच. बाईंनी शाळा सोडली, पण पोरं सोडली नाहीत."

"बोटातून तपासली का कुणी?"

बाईंनी बुवांकडे पाहिलं, बुवांनी पेल्याकडे.

लेक पलंगावर टेकली. "झोपला कसे होतात?"

बुवा बराच वेळ चादरीची सुरकुती सारखी करत राहिले. "उजवा दुखत होता. म्हणून... इकडे."

"म्हणजे दंड दाबला गेला. दाबला की हे उगीच कमी दाखवतं." बोलता बोलता लेकीची नजर त्या उशीवर गेली. उशीला बुवांच्या डोक्याचा खळगा पडला होता. अर्धवट उघडलेल्या बॅगेची चेन तिने हळूच ओढून घेतली.

उजवा दंड केव्हाच बरा झाला. तरी एका दुपारी भोंगा पुन्हा वाजला. लेकीने फोन केला. आता तो बुवांच्या उशाशीच असे.

"बोटातून बघा आधी."

थोड्या वेळाने बुवा म्हणाले, "बघितली. चांगली आहे."

"दंड दुखतोय का अजून?"

"नाही."

लेकीने भोंगा बंद केला.

"मग झोपा, बाबा. आणि आईला म्हणावं, जरा पलीकडे सरक."