लाल गाडीच्या फाटक्या बुटाची मोहीम

वाचणाऱ्याचे कल्याण असो. पुढे लेकीसुना विचारतील की गाडी कोणी दुरुस्त केली, आणि पुरुष मंडळी आपलेच घोडे दामटतील, सबब जैसे घडले तैसे लिहून ठेविले आहे.

धाकट्या लेकीची स्वारीची गाडी लाल, दोन आसनांची, इतकी बुटकी की आत शिरताना आधी डोके घालावे की पाय, याचीच मसलत करावी लागे. दुसरे दिवशी प्रातःकाळी डोंगररस्त्याची शर्यत होती आणि लेक वर्षभर तिचाच ध्यास घेऊन होती. शर्यतीच्या नाक्यावर तपासनीस बसे, आणि गाडीखाली तेलाग्रीसचा थेंब दिसला की स्वारास माघारी धाडी, ऐसा कडक अंमल. आणि ऐन आदल्या दिवशी पुढील चाकाच्या आतून काळे ग्रीस उडालेले नजरेस पडले. चाक फिरविणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर चुण्यांचा रबरी झगा असतो, त्यास कारागीर बूट म्हणतात. तोच फाटोन आतले ग्रीस चौखूर उधळले होते. गॅरेजवाल्यास विचारता "सोमवारी आणा" ऐसा जबाब आला. लेकीचे तोंड एवढेसे जाहले.

मग मातुःश्रींनी अंगणात दरबार भरविला. यजमानांस सारे घर 'जराथांबा' म्हणे, कारण त्यांच्या तोंडी तेच. आणि थोरले चिरंजीव मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून त्या विद्येत पंडित जाहलेले. लेक पाना घेऊन पुढे सरसावली तो हुकूम सुटला की, तुला उद्या गाडी चालवायची आहे, बोटे शाबूत ठेव, हे दोघे करतील, यांच्या बोटांवाचून कोणाचे अडत नाही.

मग जॅक लावून गाडी उचलिली, चाक उतरविले, हातोड्याने सांधा दांड्यावरून काढिला आणि जुना बूट कापून टाकिला. नवा बूट दुकानातून आला होता, पांढऱ्या भुकटीने माखलेला. आणि बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून वापरावयाची नाही, हा तर या घरचा कायदा. तेव्हा मातुःश्रींनी तो साबणाने स्वच्छ धुऊन, चिमटा लावून, दोरीवर मोज्यांशेजारी वाळत घातला. इकडे उभयता वीरांनी सांध्यात नवे ग्रीस ठासले, सांधा ठोकून दांड्यावर बसविला आणि आत खट्ट वाजताच एकमेकांस शाबासकी दिली.

इतक्यात लेक म्हणाली, "दादा, दोरीवर वाळतंय ते काय आहे?"

बूट आधी दांड्यावर ओवावा आणि मग सांधा बसवावा, हे व्हिडिओत होते.

चिरंजीवांनी विचारिले, "बाबा, तुम्ही घातला ना?"

"जरा थांबा. मला वाटलं, तू घातलास."

"मग धुवायला कुणी नेला?"

यावर मातुःश्रींनी फर्माविले की, स्वच्छतेवर खापर फोडू नये, दोघांस चार डोळे असता दोरी दिसली नाही, हा दोष साबणाचा नव्हे.

मग सांधा पुन्हा काढू लागले, तो गनीम हटून बसला. चिरंजीव घामाघूम जाहले, यजमान जरा थांबले ते थांबलेच, आणि लेक पायरीवर बसून नाक ओढू लागली. ते मातुःश्रींस पाहवेना. मग त्यांनी पदर खोचिला, मोरीतून कपड्यांचे लाकडी धोपाटणे आणविले आणि हुकूम केला की, एकाने दांडा धरावा, दुसऱ्याने गप्प बसावे. आणि चादरीस हाणतात तैसा एक वार सांध्याच्या काठावर केला, तो सांधा सुटोन यजमानांच्या मांडीवर येऊन विसावला, आणि यजमान प्रथमच "थांबा" म्हणावयास विसरले. मग बूट ओवला, ग्रीस भरले, सांधा ठोकिला, बुटाच्या पट्ट्या आवळल्या आणि अंधार पडण्याआधी गाडी चार चाकांवर आली.

दुसरे दिवशी नाक्यावर तपासनीस खाली वाकला आणि चाकामागे कापड फिरविले, ते जैसेच्या तैसे कोरे बाहेर आले. त्याने विचारिले, "काम कुठल्या गॅरेजात केलंत?"

लेक म्हणाली, "आईने केलं."

शेजारच्या आसनावर मातुःश्री बसल्या होत्या, त्यांनी नाही म्हटले नाही. मग त्यांस उतरवून लेक शर्यतीस गेली आणि चौथी आली. पुढील तिघे कोण, आणि त्यांच्या आया त्या वेळी काय करीत होत्या, हे आम्हांस ठाऊक नाही आणि लिहिण्याचे प्रयोजनही नाही. डोंगर चढोन गाडी उतरली, थेंब गळाला नाही, लेक हसत आली. मोहीम फत्ते जाहली, ऐसे नोंदविले असे.