विनाअपघात नऊशे नव्व्याण्णव दिवस

एका जंगलात विद्यापीठ होतं. का होतं, हे विचारू नका, मुलांनो. शेजारच्या जंगलात होतं, म्हणून याही जंगलात होतं.

विद्यापीठाला इमारत नव्हती, पण आवार होतं. एका टोकाला बांबूचं बेट, दुसऱ्या टोकाला ओढा. ओढ्याच्या अलीकडे हद्दीचा दगड. आणि मधोमध शिरीषाचं एक जुनं, अवाढव्य झाड. पहिल्या वर्षाचे सगळे तास त्याच्या सावलीत चालायचे.

या आवारात भेकरबाई सुरक्षा अधिकारी होत्या. भेकर म्हणजे काय, ठाऊक आहे ना? तांबूस रंगाचं लहानखुरं हरीण. वाघाची चाहूल लागली की ते असं काही भुंकतं की पलीकडच्या डोंगरावरची माकडंही शेंड्यावर जाऊन बसतात. मुलाखतीत बाईंना एकदा ओरडून दाखवायला सांगितलं होतं. त्यांनी दाखवलं. निवड समितीतले दोघे बांबूच्या बेटात जाऊन लपले आणि तिथूनच त्यांनी होकार कळवला.

दुसऱ्या दिवशी नेमणुकीचं पत्र मिळालं. त्यात पहिलंच वाक्य होतं, "सुरक्षा अधिकाऱ्याने आवारात ओरडू नये. धोका आढळल्यास लेखी कळवावे."

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग नोकरी चांगली होती म्हणून सही केली. मुलांनो, तुम्हीही केली असती. उगाच शहाणपणा दाखवू नका.

विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर एक पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, "आजवर विनाअपघात दिवस", आणि पुढे आकडा. रोज सकाळी कुलसचिव तरससाहेब स्वतः येऊन तो आकडा एकाने वाढवत. आता, अपघात होत नव्हते असं नाही. सशाचा पाय मुरगळला, तर ते क्रीडा विभागात नोंदलं जायचं. मुंगसाला विंचू चावला, ते प्राणिशास्त्राचं प्रात्यक्षिक ठरलं. रानडुक्कर उघड्या खड्ड्यात पडलं आणि दोन दिवस आतच राहिलं, त्याला क्षेत्रभेटीचे गुण मिळाले. अशा रीतीने आकडा वाढत वाढत नऊशे साठवर पोचला होता. हजाराव्या दिवशी मूल्यांकन समिती येणार होती. हजार भरले की विद्यापीठाला सगळ्यात वरची श्रेणी मिळणार होती.

आणि नेमकं तेव्हाच भेकरबाईंनी शिरीषाच्या पूर्वेकडच्या फांदीला कान लावला.

आतून वाळवीचा आवाज येत होता. फांदी पोकळ झाली होती. आणि तिच्या बरोबर खाली पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी बसायचा. खडकू त्याचं नाव. जातीने कासव. तास संपला की बाकीचे उड्या मारत जायचे. खडकू तिथेच बसून राहायचा, कारण एकदा उठला की दुसऱ्या तासाला परत येणं त्याला जमायचं नाही.

बाई तडक तरससाहेबांकडे गेल्या.

"साहेब, शिरीषाची पूर्वेची फांदी पोकळ झालीय. तोडायला हवी."

तरससाहेबांनी धोका नोंदवही उघडली. "कुणाला लागलं?"

"अजून कुणालाच नाही."

"मग या रकान्यात काय लिहू? जखमीचं नाव लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही."

"अहो, पण लागायच्या आधीच तोडायची आहे ना!"

"तुमचं काय होतं ना बाई, तुम्ही फार पुढचं बघता," तरससाहेब मायेने म्हणाले. "वहीत तशी सोय नाही."

बाई कुलगुरूंकडे गेल्या. कुलगुरू अस्वलसर मोहाची फुलं खात बसले होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. ऐकून घेण्याबद्दल त्यांची ख्यातीच होती.

"तुमची कळकळ मला समजते," ते म्हणाले. "पण हजाराला चाळीस दिवस राहिलेत. आज धोका नोंदवला तर समिती विचारणार, इतके दिवस तुम्ही काय करत होतात? मी काय सांगू?"

"काही करत नव्हतो, असं सांगा, सर."

"छे, छे. काहीतरी केलंच पाहिजे," अस्वलसर म्हणाले. "पाटी लावू."

पाटी तयार झाली. "सावधान! ही फांदी कमकुवत आहे." कुठली फांदी याबद्दल कुणाचा घोटाळा होऊ नये म्हणून ती त्याच फांदीवर ठोकण्यात आली. माकडांनी नऊ खिळे मारले. फांदी जरा खाली आली. त्यामुळे पाटी जास्त स्पष्ट दिसू लागली आणि सर्वांना समाधान वाटलं.

पुढच्या आठवड्यात दुसरी पाटी लागली. "झाडाखाली बसताना डोक्यावर नारळाची करवंटी घालावी." ससे करवंट्या घालून बसू लागले. त्यांचे कान आत दुमडत असल्यामुळे त्यांना शिकवलेलं ऐकू येईना, पण ती तक्रार शैक्षणिक विभागाची होती. तिसरी पाटी होती, "या पाट्यांना हात लावू नये." मग सुरक्षा सप्ताह आला. सप्ताहात एकट्या त्या फांदीवर आणखी चार पाट्या लागल्या.

भेकरबाई रोज झाडाखाली येऊन उभ्या राहत. वर बघत. घशाशी ओरड येई. बाई ती गिळत. ओरड गिळून गिळून त्यांना करपट ढेकर यायला लागले. त्यांना भीती वाटत होती. नोकरीची वाटत होती आणि खडकूचीही वाटत होती. यातली कोणती जास्त, हे त्यांचं त्यांनाच सांगता येत नव्हतं, आणि त्याची त्यांना फार लाज वाटत होती.

एके दिवशी खडकूनेच विचारलं, "बाई, तुम्ही रोज माझ्या डोक्यावर काय बघता?"

"फांदी."

"पडणार आहे का?"

"तसं मला तोंडी सांगता येत नाही."

खडकूने मान बाहेर काढून बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मग मी उठू का?"

"ऊठ, बाळा," बाई हळूच म्हणाल्या.

खडकू उठला. संध्याकाळपर्यंत चार हात सरकला. पण सकाळी हजेरी झाली, आणि या विद्यापीठात हजेरी आपापल्या जागेवर बसलेल्यांचीच लागायची. खडकू गैरहजर ठरला. मग तो दिवसभर चालून पुन्हा फांदीखाली आला. काय करणार बिचारा! हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नसत.

असं करत करत नऊशे नव्व्याण्णवावा दिवस उजाडला.

समिती दुसऱ्या दिवशी येणार, म्हणून त्या दिवशी रंगीत तालीम होती. हजार दिवसांची खास पाटी घडवली होती. अस्सल सागवान. सहा माकडं तिला वाहून आणत होती आणि दर दहा पावलांवर टेकत होती.

"सर, ही तरी दुसरीकडे लावा," भेकरबाई म्हणाल्या.

"अहो बाई, सुरक्षेच्या इतक्या पाट्या जिथे आहेत तिथेच ही शोभणार," अस्वलसर म्हणाले, आणि भाषणाला उभे राहिले. समोर पहिल्या वर्षाचे बेचाळीस विद्यार्थी बसले होते. एक्केचाळीस जणांच्या डोक्यावर करवंटी होती. खडकूच्या मापाची मिळाली नव्हती.

माकडांनी दोर ओढला. पाटी वर गेली. फांदीला टांगली गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांच्या आवाजात फांदी करकरली. ते एकट्या भेकरबाईंना ऐकू आलं.

बाईंनी कागद काढला. "प्रति, माननीय कुलसचिव," त्यांनी लिहिलं. "विषय:" असं लिहिलं. मग त्यांनी वर पाहिलं आणि खाली पाहिलं. खडकू मान लांब करून शिरीषाचं एक पिवळं पान चघळत होता. बाईंच्या हातातून कागद गळून पडला.

आणि बाई ओरडल्या.

काय ती ओरड! तीन वर्षांची साठलेली ती ओरड एकदम बाहेर पडली. ससे करवंट्या टाकून उधळले. अस्वलसर "सुरक्षा हीच आपली" एवढंच बोलून सगळ्यांच्या पुढे पळाले. खडकूला पळता येईना. तेव्हा ते खड्ड्यातलं, क्षेत्रभेटीचे गुण मिळालेलं रानडुक्कर मागे फिरलं. त्याने खडकूला नाकाने असा दणका दिला की तो उतारावरून गडगडत, हद्दीच्या दगडावर आपटून, थेट ओढ्यात गेला.

त्याच क्षणी फांदी कोसळली. खडकूच्या जागेवर हातभर खड्डा पडला. आठच्या आठ पाट्या तिच्याखाली चिरडल्या गेल्या.

खडकू ओढ्यातून बाहेर आला. त्याच्या पाठीच्या कवचाचा एक टवका उडाला होता. बाकी तो ठणठणीत होता. भेकरबाई त्याच्याजवळ बसून रडल्या. चांगल्या हुंदके देऊन रडल्या.

दुपारी चौकशी बसली. तरससाहेबांनी खडकूला पुढे बोलावलं.

"टवका फांदी लागून उडाला का?"

"नाही साहेब. फांदी नंतर पडली."

"मग कशामुळे उडाला?"

"मला ढकललं म्हणून."

"का ढकललं?"

खडकूने मान आत ओढून घेतली. त्याला प्रश्न कुठे चाललाय ते कळलं होतं. कासवं हळू चालतात, पण विचार वेळेवर करतात.

"का ढकललं?" तरससाहेबांनी पुन्हा विचारलं.

"बाई ओरडल्या म्हणून," खडकू अगदी बारीक आवाजात म्हणाला. "पण साहेब, त्या ओरडल्या नसत्या तर..."

"जे घडलं नाही ते नोंदवता येत नाही," तरससाहेब म्हणाले, आणि नोंदवहीतला जखमीचा रकाना त्यांनी प्रथमच भरला. धोक्याच्या रकान्यात लिहिलं, "भेकर."

आता अडचण आकड्याची होती. जखमी झाला म्हणजे आकडा शून्यावर येणार. अस्वलसरांनी डोळे मिटून बराच वेळ विचार केला. मग ते स्वतः जाऊन हद्दीचा दगड बघून आले. खडकू दगडाच्या पलीकडच्या बाजूवर आपटला होता, असं त्यांना आढळलं. म्हणजे टवका उडाला तो विद्यापीठाच्या बाहेर.

तेव्हा निकाल असा लागला, की अपघात झालाच नव्हता, आणि तो भेकरबाईंनी केला होता. बाईंना काढून टाकण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी आकडा हजार झाला. समिती आली. पडलेल्या फांदीवर बसून समितीने चहा घेतला आणि विद्यार्थ्यांसाठी बसण्याची इतकी भक्कम सोय केल्याबद्दल खास शेरा लिहिला. वरची श्रेणी मिळाली.

बाईंच्या जागी खवल्या मांजराची नेमणूक झाली. त्याने जन्मात कधी आवाज काढला नव्हता. धोका दिसला की ते अंगाचं वेटोळं करून डोळे मिटून घ्यायचं. आठवड्यातून एकदा ते सगळ्या विद्यार्थ्यांकडून तसा सराव करून घेऊ लागलं. धोका टळल्याचं पत्र येईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, असा नियम होता.

भेकरबाई ओढ्यापलीकडे राहायला गेल्या. पाच दिवसांनी तिथे खडकू येऊन पोचला. पहिल्याच दिवशी निघाला होता.

"बाई, मी इथे बसू?"

"आणि तुझी हजेरी?"

"नाही लागणार."

"मग परीक्षा कशी देशील, बाळा?"

"ते बघू," खडकू म्हणाला. "शिरीषाला पश्चिमेची फांदी अजून आहे, बाई."

हळूहळू बाकीचेही आले. ससे आले, मुंगूस आलं, रानडुक्कर आलं. ते पलीकडेच अभ्यास करू लागले. झाडाखाली कुणी उरलं नाही. पण समितीला हजेरीपट दाखवायचा असे, म्हणून तरससाहेब रोज सगळ्यांची हजेरी लावत राहिले.

वर्षभराने पश्चिमेची फांदी करकरली. भेकरबाई ओढ्यापलीकडून ओरडल्या. मनसोक्त ओरडल्या. तिथे नियम नव्हता. आवारात खवल्या मांजराने वेटोळं केलं. फांदी भर तासाला कोसळली. हजेरीपटाप्रमाणे त्या वेळी झाडाखाली बेचाळीस विद्यार्थी बसलेले होते. त्यांतल्या एकालाही खरचटलं नाही.

असा चमत्कार कुठल्याच जंगलात झाला नव्हता. खवल्या मांजराचा जाहीर सत्कार झाला. ते अजून वेटोळ्यातच होतं, कारण पत्र आलं नव्हतं. डोकं कुठल्या बाजूला आहे ते न कळल्यामुळे अस्वलसरांनी हार मधोमध ठेवला.

तात्पर्य: मुलांनो, फांदी पडण्याआधी कधी ओरडू नये. आधी ओरडलात तर सगळे वाचतात, आणि न झालेल्या अपघाताला तुम्ही एकटेच जबाबदार ठरता. फांदी पडू द्यावी, मग ओरडावं. त्याला शोकसभा म्हणतात, आणि तिथे पहिल्या रांगेत जागा मिळते.