पातं, पिंप आणि किसनराव

किसनराव कुणाच्याही घरी गेले, की आधी दाराच्या फटीत पोस्टकार्ड सरकवून बघत. "दोन कार्डं जात्यात. लई झालं," असं म्हणून मान हलवत. रामराम त्यानंतर.

मी तेरला शाळामास्तर होऊन आलो तेव्हा निजामी जाऊन फार वर्षं झाली नव्हती. किसनराव हैदराबादेत विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात फिटर होते. नोकरी सोडून गावी परतले आणि माझ्या शेजारच्या खोलीत एकटेच राहू लागले. गावात त्यांची सख्खी मोठी बहीण होती, गंगाअक्का. पण दाजी वारले तेव्हा किसनराव आले नाहीत, म्हणून ती त्यांना उंबऱ्याच्या आत घेत नसे. एवढा एक विषय सोडला तर किसनराव कशावरही तासभर बोलत.

त्यातही जेट इंजिन निघालं, की मग तहानभूक नाही.

"मास्तर, आतली पाती वारा दाबत दाबत मागं ढकलत्यात. पण पात्याचं टोक अन् भवतालचं कवच, ह्यात फट राहती ना? तिथनं दाबलेला वारा पलीकडं निसटतो, अन् वर भोवरा करतो. समदी मेहनत बरबाद!"

"मग फट ठेवायचीच कशाला?"

"अन् पातं तापून वाढलं तर? घासून तुकडं हुतील की! वारा लई बदमाश हाय."

मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण उठवतही नसे.

त्या फाल्गुनात वाराच पडला. अक्काची मळलेली ज्वारी खळ्यावर उघडी, वर आभाळ भरून येतंय आणि उफणणी अडलेली. किसनरावांनी डांबराचं पिंप दोन्हीकडून कापलं, आत पत्र्याची पाती बसवली, दांडा लावला आणि पंखा खळ्यावर नेला. अक्का त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "करू द्या. तसंबी गडी मिळंना झालाय."

मी दांडा फिरवला. भुसा जागचा हलेना. किसनरावांनी पिंप ठोकून आत दाबलं, तर पाती अडकली. पिंपच वाकडं, एकीकडे घासे, दुसरीकडे अख्खं बोट जाई. पोस्टकार्ड हातात धरून किसनराव रडकुंडीला आले.

अक्का खळ्याची भेग लिंपत होती. ती उठली आणि हातातली शेणमाती पिंपाला आतून गोल थापत गेली. "मास्तर, आता फिरवा. दमानं."

पात्यांनी नको तेवढी माती स्वतःच खरवडून टाकली. टोकाला लागेल तेवढीच जागा उरली. लिंपण वाळल्यावर मी जोर लावला, तर भुसा थेट बांधापलीकडे!

किसनराव आ वासून बघत राहिले. "अक्का, आमच्या सायबाला हे सुचलं नसतं!"

दिवस कलताना रास लागली. पाऊस आला नव्हता. अक्कानं ज्वारीची पाटी भरून त्यांच्यापुढं ठेवली. "मजुरी."

किसनरावांचा चेहरा उतरला. त्यांनी पाटी मागं सारली.

"दाजी गेले तवा रजा मिळत व्हती, अक्का. म्याच मागितली न्हाय. तुझं मोकळं कपाळ बघायचं धाडस न्हवतं मला."

तिथून निघून जावं असं मला वाटलं. अक्कानं पदरानं डोळे पुसले, पाटी उचलून त्यांच्या डोक्यावर दिली.

"घरला चल. दळून भाकरी व्हईस्तवर वाट बघावी लागंल," ती म्हणाली. "म्या बी बघितली व्हती."