अलेक्झांड्रिया-श्री कॅप्टन फिक्री यांचे पुनर्मूल्यांकन

माणसाचं शरीर नाशवंत असतं, पण त्या शरीराला एकदा मिळालेले गुण कायम राहतात, असा आपल्याकडे फार जुना गैरसमज होता. तो दूर करण्याचं श्रेय अलेक्झांड्रियाच्या सागरी प्रांत शरीरसौष्ठव संघटनेला द्यावं लागेल.

संघटनेची अडचण खरी होती. कार्यालयाच्या भिंतीवर माजी विजेत्यांचे एकसष्ट फोटो होते, आणि व्यायामशाळेत नव्याने येणारी मंडळी ते पाहून विचारायची, "हे सगळे इथले कारकून का?" पन्नास वर्षांपूर्वीचे पिळदार दंड आजच्या मापाने इतके किरकोळ दिसत की इतिहासावरचा लोकांचा विश्वास उडण्याची वेळ आली. इतिहास बदलणं वेळखाऊ होतं, फोटो बदलणं लबाडीचं होतं. राहता राहिला निकाल. त्यानुसार परिपत्रक क्रमांक चौदा निघालं: 'कोणताही किताब, तो केव्हाही मिळालेला असो, चालू वर्षाच्या मापदंडात बसत असेल तोपर्यंतच ग्राह्य धरण्यात येईल.'

एकसष्टांची फेरतपासणी झाली. त्यांपैकी अठ्ठावन्न जण कधीच विजेते नव्हते, असं निष्पन्न झालं. दोघांचे फोटो वाळवीने खाल्ले होते (निकाल वाळवीच्या बाजूने लागला). एकटा उत्तीर्ण झाला, पण त्याचा फोटो प्रोटीन पावडरच्या डब्यावरून कापून चिकटवलेला निघाला. त्याचा किताब कायम ठेवण्यात आला, कारण मापदंड माणसाला नव्हे, फोटोला लागू होता.

इनास हिंदावीला या परिपत्रकाची माहिती वडील वारल्यानंतर नवव्या दिवशी, करमूजच्या दफनभूमीच्या फाटकाशी मिळाली. तिथे कारागीर उस्ता खमीस संगमरवरावर नावं कोरतो.

"नाव कोरतो, सन कोरतो," उस्ता म्हणाला. "'अलेक्झांड्रिया-श्री १९७२' एवढं मात्र कोरत नाही. संघटनेचा कागद आणा."

"कागद कशाला? सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे."

"मोहल्ला आत झोपलाय, बाई." त्याने छिन्नीने फाटकाच्या पलीकडे दाखवलं. "आणि त्यातला निम्मा विजेता आहे. मीच केलाय. म्हणून तर त्यांनी नोटीस लावली."

नोटीस खरोखरच लावलेली होती, त्याच्या चहाच्या पातेल्याच्या वर.

कॅप्टन फिक्री हिंदावी यांनी बंदराच्या गोदामात चौतीस वर्षं नोकरी केली होती, पण ती ते धरत नसत. दवाखान्यातल्या शेवटच्या महिन्यांत त्यांनी मुलीला एवढंच सांगितलं होतं की दगडावर नावाखाली ती एक ओळ असावी. "बाकी काही लिहू नका. बाकी मी काही केलेलं नाही." इनास पालिकेच्या वाचनालयात काम करते. हजारो पुस्तकं वाचलेल्या बाईला एक ओळ अवघड वाटू नये. चाळिसाव्या दिवशी नातेवाईक कबरीवर येतात. त्याआधी दगड बसायला हवा होता. एकतीस दिवस हातात होते.

संघटनेचे सरचिटणीस कॅप्टन वगदी हे तिच्या वडिलांचे जुने मित्र. (आपल्याकडे ज्याने चारचौघांत सदरा काढून एकदा बक्षीस मिळवलं, तो मरेपर्यंत कॅप्टन. परिपत्रकाने किताब काढून घेतले, पण ही हाक काढायचं विसरलं.) १९७२ साली फिक्री पहिले आले तेव्हा वगदी दुसरे आले होते.

"मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस, पोरी," ते म्हणाले. "माझा दुसरा क्रमांक मी याच हाताने रद्द केला. बायकोने तीन दिवस जेवायला वाढलं नाही. म्हणाली, मी दुसऱ्या क्रमांकाशी लग्न केलं होतं, आता हा कोण घरात शिरलाय?"

"मग नियम बदला."

"नियम बदलतोच की आम्ही. दर महिन्याला बदलतो. तू अर्ज तर कर."

तिने अर्ज केला आणि सोबत घरातला एकमेव फोटो जोडला: कृष्णधवल, कडा दुमडलेल्या, कॅप्टन फिक्री डाव्या हाताची बेटकुळी काढून उभे, अंगात आईने पडद्याच्या कापडातून शिवलेली चड्डी. पाच परीक्षकांनी तो भिंगातून पाहिला. त्या महिन्याचा मापदंड 'आकार' हा होता. आदर्श विजेता दारातून अंग तिरकं करूनच आत आला पाहिजे. गुणपत्रक असं आलं:

दंड: आहेत. ४ गुण.
छाती: श्वास भरून घेतलेली दिसते, श्वास वजा करता, ३ गुण.
मांड्या: दोन. २ गुण.
पोटऱ्या: फोटो गुडघ्यांखाली कापलेला. संशयाचा फायदा फोटोग्राफरला. ० गुण.
पाठ: मागे असावी. ० गुण.
एकूण ९. शेरा: 'उमेदवाराने मेहनत वाढवावी.'

इनासने शेरा दोनदा वाचला. वाचनालयात तिने याहून वाईट समीक्षा वाचल्या होत्या, पण त्या जिवंत लेखकांवर होत्या.

दहा दिवसांत आकाराचा मापदंड गेला. एका जिल्हा फेरीत विजेत्याचा हात त्याच्या स्वतःच्या तोंडापर्यंत पोहोचेना, आणि आभाराचं भाषण चालू असताना त्याच्या आईला स्टेजवर येऊन त्याचं नाक पुसावं लागलं. संघटनेने या प्रसंगाची गंभीर दखल घेतली. (आईला समज देण्यात आली.) नवा मापदंड 'प्रमाणबद्धता': बारीक कंबर, रुंद खांदे, जुन्या वळणाचा देह. इनास धावत गेली. वडिलांची कंबर आयुष्यभर एकाहत्तर सेंटिमीटर होती; आई ती कपड्यांच्या दोरीने मोजत असे.

या वेळी गुण एकोणनव्वद भरले. पात्रता नव्वद होती.

"एकाच गुणाने?" इनास म्हणाली.

"भरले एकशे एक होते," वगदी खाली बघत म्हणाले. "बारा कापले. फोटोत तो हसतोय."

"हसू नये?"

"आता नाही हसायचं. आता चेहरा असा हवा की पोटात कळ आलीये आणि संडास बंद आहे. त्यातून जिद्द दिसते."

"त्या दिवशी ते कशाला हसत होते?"

वगदींनी फोटो हातात घेतला. सरचिटणीसांनी अर्जदाराशी अर्जाच्या विषयाबाहेर बोलू नये, असा नियम आहे. "तुझी आई पहिल्या रांगेत बसून तुरमुसचे खारवलेले दाणे खात होती," ते म्हणाले. "सालं बरोबर माझ्या दिशेने थुंकत होती. तुझ्या बापाने ते पाहिलं. मी पण हसलो असतो, पण ती सालं मला लागत होती."

इनासने हसण्याबद्दल माफीचा अर्ज लिहिला. त्यावर निर्णय होण्यापूर्वी मापदंड पुन्हा बदलला.

या वेळचा बदल मूलगामी होता. प्रमाण, आकार, वळण हे सगळे डोळ्यांचे भ्रम असून खरी कसोटी 'कोरडेपणा' हीच, असं संघटनेच्या लक्षात आलं. कातडीखाली चरबी नको, पाणी नको, स्नायूचा धागा न् धागा मोजता यावा. चरबीची मर्यादा सोमवारी सहा टक्के होती, बुधवारी चार, आणि शुक्रवारच्या नमाजानंतर दोन. स्पर्धक अडीच-तीन दिवस पाणी सोडू लागले. प्रांतिक फेरीत त्रेचाळीस स्पर्धक उतरले. सतरा चालत आले, एकोणीस आणले गेले, सात जणांचे अर्ज त्यांच्या भावांनी दिले. जो स्टेजवर कोसळला त्याला पोझ स्थिर ठेवल्याबद्दल जादा गुण मिळाले. कोरडेपणा फोटोतून ठरत नसल्यामुळे यापुढे उमेदवाराची सद्यस्थिती पाहिली जाईल, असंही ठरलं.

"सद्यस्थिती," इनास म्हणाली.

"फॉर्ममध्ये 'मयत' असा रकानाच नाही, पोरी. मी शोधला. तू आहे तसा भर."

तिने आहे तसा भरला. वजन: सेहेचाळीस किलो, दवाखान्याच्या शेवटच्या नोंदीप्रमाणे, त्यानंतर घट. शेवटचं पाणी: एकतीस दिवसांपूर्वी, ओल्या कापसाने, ओठांना. चरबी: माहीत नाही. स्टेजवर अनावश्यक हालचाल करता का: नाही. हसता का: इथे ती थोडा वेळ थांबली, आणि मग 'नाही' लिहिलं.

अंतिम फेरीच्या दिवशी स्टेजवर सात क्रमांकाची जागा रिकामी ठेवण्यात आली. पाचही परीक्षकांनी त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ रोखून पाहिलं. कॅप्टन फिक्री हिंदावी यांना शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले (पोझ बदलण्यास दिरंगाई, दोन वजा), आणि ते चालू वर्षाचे अलेक्झांड्रिया-श्री झाले. टाळ्या झाल्या. जिवंतांपैकी पहिला, म्हणजे एकूणात दुसरा, सामेह नावाचा टायरच्या दुकानात काम करणारा अठ्ठावीस वर्षांचा माणूस आला. त्याला एक्क्याण्णव मिळाले होते.

कागद इनासच्या हातात आला. पस्तिसावा दिवस होता. कागदावर १९७२ नव्हतं, यंदाचं साल होतं, पण किताब तोच होता आणि शिक्का खरा होता. उस्ता खमीसने डोकं खाजवलं. "मरण आधी आणि जिंकणं नंतर, असा दगड मी अजून केला नाही. पण कागद आहे ना, मग करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सामेह विजेत्याचा चषक घेऊन तिच्या घरी आला. जिना चढताना तो दोनदा बसला. त्याचे गाल आत गेले होते आणि मानेवरची शीर लांबूनही मोजता येत होती. त्याने चषक टेबलावर ठेवला, तिचं सांत्वन केलं, पाण्याला नको म्हणाला, आणि खिशातून वही काढली.

"ताई, राग मानू नका. कॅप्टनसाहेबांचा शेवटचा आहार काय होता?"

इनासने त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता.

"दोन चमचे महलबिया," ती म्हणाली. "दुधाची खीर. त्यातला दीड ते थुंकून टाकायचे."

त्याने लिहून घेतलं. "साखर घालून?"

"घालून. त्यांना चव लागत नव्हती."

"मग मी बिनसाखरेची घेतो," सामेह म्हणाला. "सात गुणांचा फरक आहे. पुढच्या महिन्यात फेरलढत मागितलीये. गाठीन मी त्यांना, इन्शाल्ला."

"गाठाल," इनास म्हणाली.

तो गेल्यावर तिने जिन्याचे आवाज मोजले. तो तीनदा बसला. मग ती टेबलाशी बसली, समोर कागद आणि चषक ठेवून. बापाने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि ती शिक्क्यासकट मिळाली होती.

सदतिसाव्या दिवशी तिने संघटनेकडे निवेदन दिलं. 'मी खाली सही करणारी लेखी कळवते की, विजेत्या उमेदवाराने कोरडेपणाच्या नियमाचा भंग केला आहे. दफनाच्या दिवसापासून दर शुक्रवारी मी स्वतः त्यांच्यावर एक घागर पाणी ओतत आले आहे. स्पर्धेच्या आदल्या शुक्रवारी दोन. साक्षीदार: कबरीवरची कोरफड.'

वगदींनी निवेदन वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"हे मागे घे. पाणी सगळेच घालतात कबरीवर. मी माझ्या आईला घालतो."

"मग त्याही बाद."

"दगडावरची ओळ जाईल, पोरी. तुझा बाप मला रोज दवाखान्यातून फोन करायचा, ओळीचं बघ म्हणून."

"मला माहीत आहे. नंबर मीच लावून द्यायचे."

वगदी बराच वेळ शिक्का शाईत दाबत राहिले. कोरडेपणाच्या इतिहासात द्रवसेवनासाठी बाद झालेला पहिला विजेता म्हणून कॅप्टन फिक्री यांची नोंद झाली, आणि किताब सामेहकडे गेला. फेरलढतीचं कारणच उरलं नाही. तो निकाल घ्यायला आला तेव्हा वगदींच्या बायकोने भरलेल्या कोबीच्या पानांचं पातेलं पाठवलेलं होतं. त्याने आधी नुसता वास घेतला. मग भिंतीकडे तोंड करून चौदा पानं खाल्ली आणि नळाला तोंड लावलं. संघटनेच्या शिपायाने त्याला पुढचा मापदंड ठरेपर्यंत पाणी पिण्याची तोंडी परवानगी दिली.

चाळिसाव्या दिवशी दगड बसला. त्यावर नाव आहे आणि दोन सन आहेत. त्यांच्याखाली उस्ता खमीसने चार बोटं जागा कोरी सोडली. "माप पुन्हा फिरेल, बाई," तो म्हणाला. "मी इथे चाळीस वर्षं बसलोय. सगळी मापं फिरतात." इनासने कोरफडीला पाणी घातलं. त्यातलं थोडं दगडावर सांडलं आणि त्या कोऱ्या जागेवर काही वेळ राहिलं. मग ऊन आलं.

संघटनेने या प्रकरणातून योग्य तो बोध घेतला. ज्याने अर्ज केला नाही, जो स्टेजवर आला नाही, ज्याला स्पर्धा असल्याचं ठाऊकही नाही, त्याचंही परीक्षण करता येतं हे सिद्ध झाल्यामुळे यंदापासून 'सर्वसाधारण गट' सुरू करण्यात आला आहे. नाव नोंदवावं लागत नाही. कपडे बदलताना आरशासमोर क्षणभर बाजूने उभं राहून पोट आत घेणं, हाच सहभाग मानला जातो. वयाची अट नाही, स्त्री-पुरुष भेद नाही, आणि परीक्षकांचा भत्ताही लागत नाही, कारण गुण स्पर्धक स्वतःच देतो. आजवर कोणीही स्वतःला पात्र ठरवलेलं नाही.

तुमचा निकाल आज सकाळीच लागला आहे. मान्य नसेल तर हरकत घेता येते. अर्जासोबत अलीकडचा एक पूर्ण फोटो जोडावा लागतो. तो तुमच्याकडे नाही. गेल्या कित्येक वर्षांतल्या प्रत्येक फोटोत तुम्ही मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड उभे आहात. सध्या त्याने काही अडत नाही. अडेल ते नंतर, घरातलं कुणीतरी तुमचा एक फोटो शोधत कपाटं उपसू लागेल तेव्हा, आणि त्या वेळी तुमची कंबर त्यांना अजिबात बघायची नसेल.