जावयाची भाषा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुठलाही इंग्रजी वाक्प्रचार परदेशी जाण्याआधी वॉचमनवर चालवून बघितला जातो. ही व्यवस्था तळमजल्यावरच्या जोगकाकांची. "कीप युअर चिन अप!" असं त्यांनी एकदा फाटकात उभं राहून ठणकावलं, तेव्हा बिचारा वॉचमन दिवसभर हनुवटी वर करून गाड्यांना सलाम ठोकत होता. संध्याकाळी काका माझ्याकडे हजर. "मीनाताई, हे काही चाललं नाही. धीर द्यायला गेलो, तर त्याची मान आखडली."

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून ही खातरजमा माझ्या पदरी. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हयात खडकवासल्याच्या धरणावर गेली. दरवाजे तपासल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, हा खाक्या त्यांनी भाषेलाही लावलेला. "उगम कुठला?" हा पहिला प्रश्न. "आणि आपल्याकडे काय म्हणतात?" हा दुसरा. मराठी जोड सापडली नाही, तर तो वाक्प्रचार काकांच्या मते संशयास्पद. सोसायटीच्या सभेला चार टाळकी जमली होती, त्यात मी पोचले, तर म्हणाले, "द मोअर द मेरिअर!" जितके जास्त तितकी मजा. चेअरमनना तो टोमणा वाटला. पुण्यात सरळ बोललेलंही टोमणाच वाटतं, त्याला काका काय करणार?

लोक हसतात. मीही हसायचे. पण हा सगळा खटाटोप एका माणसासाठी होता. काकांची एकुलती एक लेक मुक्ता इंग्लंडात नोकरीला गेली, तिथल्या टॉमशी लग्न केलं, आणि दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. काकू त्याआधीच गेलेल्या. मुक्ता होती तोवर दोघांच्या मध्ये बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावून सांगायची. आता दर रविवारी फोनच्या पडद्यावर सासरा आणि जावई नुसते समोरासमोर. टॉमचं बोलणं असं, की दर वाक्याला एक म्हण. काकांना एकच धास्ती होती. बोलणं जमलं नाही, तर एक दिवस पोरगा कंटाळेल आणि फोन थांबेल. मुक्ताबद्दल बोलायला त्यांना दुसरं कोणी उरलं नव्हतं.

एकदा फार दुखावून आले. "शेवटी म्हणतो, आय विल लेट यू गो. तुम्हाला जाऊ देतो. अहो, मी कुठे निघालो होतो?"

"काका, ती त्यांची रीत. आपण नाही का म्हणत, 'चला, तुम्हाला कामं असतील'?"

"मला कसली कामं? मी मोकळाच आहे, हे कसं सांगायचं ते शिकवा."

शिकवलं. तेव्हापासून फोन जरा जास्त वेळ चालू लागले.

गेल्या महिन्यात एका रविवारी काका आले ते दारातच थांबले. "टॉम म्हणाला, आय हॅव मेट समवन. कोणीतरी भेटलंय म्हणे. मी म्हटलं, द मोअर द मेरिअर! तर आधी हसला, मग रडायलाच लागला. माझं काय चुकलं हो?"

खोटं सांगावंसं फार वाटलं. पण हा माणूस माझ्याकडे खरं विचारायला आला होता. "काका, तिकडे असं म्हणतात तेव्हा... त्याच्या आयुष्यात दुसरी कोणी आली आहे. लग्न करेल बहुधा."

काका खाली बसले. उगमही विचारला नाही. चहा तसाच गार झाला. ते गेल्यावर मला वाटलं, संपलं आता. हा माणूस पुन्हा फोन उचलायचा नाही.

दोन दिवसांनी सकाळी पुन्हा दारात. "मीनाताई, लक्ष्मी रोडला येता? साडी घ्यायचीय. आणि खण."

"कोणाला?"

"तिला. जावयानं दुसरी केली, की पहिलीच्या आईबापांनी तिची ओटी भरायची, तिला लेक म्हणायचं. आमच्याकडे रीत आहे. मुक्ताची आई असती तर तिनंच केलं असतं. नारळ आणि तांदूळ मात्र पार्सलात घेत नाहीत म्हणे, चौकशी करून आलोय."

दुकानदारानं मोरपंखी साडी उलगडली, ती काकांनी हळूच बाजूला सारली. "हा मुक्ताचा रंग. तो राहू दे." शेवटी अबोली घेतली.

पुढच्या रविवारी त्यांनी मला शेजारी बसवलं. पडद्यावर टॉमच्या बाजूला ती बसली होती, पार अवघडून. काका मराठीतच बोलले. "सांगा तिला, मुक्ताचं माहेर आता तिचं. माहेरी यायला निमित्त लागत नाही म्हणावं."

इतकी वर्षं इंग्रजी शिकवते, पण माहेराला शब्द सापडेना. आईवडिलांचं घर, असं काहीतरी पाणचट सांगितलं. टॉमला मात्र तो शब्द माहीत होता. त्यानं तो आमच्यासारखाच उच्चारला आणि तिच्याकडे वळून बराच वेळ हळू आवाजात समजावत राहिला. ती डोळे पुसायला लागली.

फोन बंद झाल्यावर काका म्हणाले, "मुक्ताला बरं वाटलं असतं ना हो?" आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर हमसून रडले. मी पाठीवर हात ठेवून शेजारी बसून राहिले.