खरंखुरं हवामान

मार्युनला तिच्या सत्तराव्या वाढदिवशी माहेरी न्यायचं, हे एवाल्डने ठरवलं तेव्हा त्यात अवघड असं काहीच नव्हतं. विमान बैठकीच्या खोलीतच होतं. खिडकीखाली टेबल, टेबलावर संगणक आणि एक साधी दांडी, समोर दोन खुर्च्या. दर रविवारी दुपारची कॉफी झाली की नवरा-बायको त्या खुर्च्यांत बसत आणि डेन्मार्कमधल्या बिलुंडहून उडून फेरो बेटांकडे निघत. मधला समुद्र एवाल्ड एका बटणाने गुंडाळून टाकी, कारण नुसतं पाणी किती वेळ बघणार? मग लख्ख उन्हात हिरवे डोंगर येत, मार्युनचं मिवावूर गाव येई, तो गावावरून एक चक्कर मारी, आणि ती विणकाम मांडीवर ठेवून म्हणे, "छान." मग दोघं उतरत, म्हणजे एवाल्ड संगणक बंद करी.

खरं विमान मार्युनला बंद झालं होतं. फुप्फुसांनी दगा दिला, नाकाशी ऑक्सिजनची नळी आली, आणि आकाशात जायचं नावही काढू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं. त्यानंतर एवाल्डने, जन्मभर शाळेची बस चालवलेल्या माणसाने, विमान शिकून घेतलं. विमान उडवायचा हा संगणकी खेळ, सिम्युलेटर, खोक्यातून जसा निघाला तसाच तो वापरत होता. त्याला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे बायकोला तिचं गाव दिसावं.

त्याची चूक एवढीच झाली की हा बेत तो गुरुवारी मंडळात बोलला.

आमच्या गावात जुन्या अग्निशमन केंद्राच्या माडीवर सिम्युलेटरवाल्यांचं मंडळ भरतं. मंडळाला रीतसर घटना आहे, अध्यक्ष आहे आणि दोन गट आहेत. एक गट म्हणतो, विमान खोक्यातून येतं तेच पुरेसं आहे. दुसरा म्हणतो, अ‍ॅड-ऑन, म्हणजे वरून विकत आणलेले जोड, घातल्याशिवाय ते विमानच नव्हे, तो पोरखेळ. या दुसऱ्या गटाचा पुढारी होल्गर. एकटा राहणारा, वाहनतपासणी कचेरीतून निवृत्त झालेला. गंजाचा ठिपका दिसला म्हणून त्याने अर्ध्या गावाच्या गाड्या परत पाठवल्या आहेत. मंडळाच्या सामूहिक उड्डाणात एकाने जेवायला म्हणून खेळ थांबवला, तर होल्गरने त्याला उड्डाणातून काढून टाकलं. "अटलांटिकवर थांबता येत नाही," एवढंच तो म्हणाला होता.

"साध्या विमानाने?" होल्गरने कप खाली ठेवला. "सत्तराव्या वाढदिवसाला?"

"तिला आवडतं रे."

"तिला दुसरं काही दाखवलंयस कधी? तुझ्या त्या गावात घरं कसली आहेत, सांग. सगळी एका साच्यातली. चर्च तरी आहे का?"

"आहे की. पांढरं, किनाऱ्याला."

"ते मासळीचं शीतगृह आहे. मी बघून आलोय."

चार वर्षं एवाल्ड बायकोला दर रविवारी ते शीतगृह चर्च म्हणून दाखवत होता, आणि मार्युन मान डोलवत होती. पडद्यावरचं आपलं गाव तिला इतकं परकं वाटत असेल, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. घरी जाताना त्याला बायकोची दया आली आणि स्वतःचा राग.

शनिवारी होल्गर पिशव्या घेऊन हजर झाला. पायाने दाबायची यंत्रं आली, बटणांची एक पेटी आली, विमान नवं आलं, विमानात बोलणारी हवाईसुंदरी आली. आत्ता या घटकेला तिथे जसं असेल तसं हवामान आलं. आणि शेवटी, अगदी हळूच, मिवावूर गाव आलं. घरनघर वेगळं, गवताची छपरं वेगळी, चर्च चर्चच्या जागी.

"हे माझ्याकडून," होल्गर म्हणाला. "वाढदिवसाचं. तिला आधी दाखवू नकोस. वरूनच बघू दे."

रविवारी टेबलावर कागदी झेंडे लागले, तीन थरांचा केक आला, आणि मार्युन चांदीची पिन लावलेला निळा स्वेटर घालून खुर्चीत येऊन बसली. होल्गरने स्वयंपाकघरात केकशेजारी स्वतःचा संगणक मांडला, कानाला हेडफोन लावला आणि दार लोटून घेतलं. तो विमानतळाचा नियंत्रक होता. त्याचा आवाज एवाल्डच्या कानात यायचा आणि दारातूनही यायचा, दारातून जरा आधी.

"निघालो का?" मार्युनने विचारलं.

"नाही गं. विमान झोपलंय अजून."

विमान उठवायला कॉफीचा पहिला कप संपला. बॅटरी, पंप, दिवे. सगळं झाल्यावर एवाल्डने जोर दिला तरी विमान ढिम्म हलेना. चाकांखालची अडसरं काढायला सांगायचं राहिलं होतं. ती काढली, तर आतून आवाज आला, "प्रवाशांची वजनं भरली का?"

"कसली वजनं?"

"नाहीतर उडणार नाही ते. मार्युनचं वजन किती?"

"त्याला म्हणावं," मार्युन सावकाश म्हणाली, "बाईमाणसाला वाढदिवसाच्या दिवशी वजन विचारायला फेरोत बंदी आहे."

"मग मी सरासरी घालतो. ऐंशी."

"ऐंशी? होल्गर, बाहेर ये तू!"

होल्गर बाहेर आला नाही. साठ घातले, विमान पुढच्या बाजूला हलकं झालं, मग सामान मागून पुढे आणावं लागलं. हे सगळं उरकतंय तोच त्याने पुढचा कागद काढला आणि आपल्या कचेरीच्या आवाजात वाचला, "विमानात दाबाखालचा वायू आहे का? ऑक्सिजनचं नळकांडं वगैरे? असल्यास परवानगी मिळणार..."

तो मध्येच थांबला. कोपऱ्यातलं ऑक्सिजनचं यंत्र घुर्र-घुर्र करत होतं. एवाल्ड दांडीकडे बघत बसला. दार किलकिलं झालं आणि होल्गरचं तोंड दिसलं, पार उतरलेलं.

"मी... सवयीने वाचलं गं," तो म्हणाला.

"वाचलंस ते बरं झालं," मार्युन म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं की आपण खेळतोय. आता दे परवानगी."

परवानगी मिळाली. विमान उडालं आणि समुद्रावर आलं. एवाल्डचं बोट सवयीने समुद्र गुंडाळायच्या बटणाकडे गेलं, पण होल्गर दारातच उभा होता. मग खराखुरा उत्तर समुद्र, खऱ्याखुऱ्या वेळात सुरू झाला. पाणी आणि पाणी. मार्युनने एका मोज्याची टाच विणून काढली. मग ती उठायला लागली.

"खुर्चीच्या पट्ट्याचा दिवा लागलाय," होल्गर म्हणाला.

"मला बाथरूमला जायचंय."

"समोर हवा खराब आहे. दिवा लागलेला असताना..."

"होल्गर, माझ्या घरातलं बाथरूम आहे ते!"

एवाल्डने दिवा विझवला. होल्गर बाजूला झाला, आणि नळी अडकू नये म्हणून ती उचलून धरत तिच्या मागून दारापर्यंत गेला. परत आल्यावर त्याने दिवा पुन्हा लावायला सांगितलं.

बेटं जवळ आली तसा तो खुर्चीमागे येऊन उभा राहिला. नियंत्रकाने जागा सोडायची नसते, हे त्यानेच घटनेत घालून घेतलेलं कलम आहे. पण आपण दिलेलं गाव तिला पहिल्यांदा दिसेल तेव्हा तिचं तोंड त्याला बघायचं होतं. विमान खाली आलं. ढगात शिरलं. आणखी खाली आलं. पडद्यावर राखाडी, राखाडीच्या पलीकडे आणखी राखाडी. मिवावूरवर धुकं होतं. खरंखुरं, आत्ता या घटकेचं. अ‍ॅड-ऑनने आपलं काम चोख बजावलं होतं.

"याहून खाली जायचं नाही," विमानातल्या यंत्राने बजावलं. एवाल्डने मुकाट्याने विमान वर घेतलं आणि वळवलं. पुन्हा खाली, पुन्हा राखाडी, पुन्हा वर. साध्या विमानात शीतगृह तरी दिसायचं. आज एवढ्या तयारीनिशी, तिच्या सत्तराव्या वाढदिवशी, त्याने तिला राखाडी पडदा दाखवला होता.

"बंद कर ते हवामान," तो हळू आवाजात म्हणाला.

होल्गरचा चेहरा बघण्यासारखा झाला. खाली त्याने भेट दिलेलं गाव होतं, रंगीत घरांसकट, आणि त्याच्याच दुसऱ्या भेटीने ते झाकून टाकलं होतं. त्याने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा खिडकीबाहेर.

"एक बटण दाबायचं," तो पुटपुटला. "ऊन पडेल. मंडळात बोलायचं नाही फक्त."

"हात लावाल तर याद राखा," मार्युन म्हणाली.

दोघांनी वळून बघितलं. तिचं विणकाम खाली पडलं होतं. ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती आणि त्या राखाडी पडद्याकडे अशी बघत होती की जणू तो काठोकाठ भरलेला होता.

"अगं, पण काहीच दिसत नाही," एवाल्ड म्हणाला.

"आमच्याकडे असंच दिसतं." ती हसली. हसताना तिला दम लागला, तरी ती हसतच राहिली. "चार वर्षं तू मला दर रविवारी ऊन दाखवतोयस. एवढं ऊन मी जन्मात बघितलं नव्हतं रे तिथे. कुठलं तरी दुसरंच गाव वाटायचं. तू एवढ्या हौसेने न्यायचास, म्हणून बोलले नाही."

"आणि चर्च?"

"ते शीतगृह आहे, एवाल्ड. माझा भाऊ कामाला होता तिथे."

एवाल्डला हसावं की रडावं कळेना. होल्गर मात्र खाली वाकून विणकामाच्या सुया गोळा करायला लागला. त्याला त्यात बराच वेळ लागला.

"गावाशेजारी विमानतळ झाला तेव्हा मी लहान होते," मार्युन सांगू लागली. "भाऊ तेव्हा डेन्मार्कला होता. तो यायचा असला की आई परसात उभी राहायची. धुकं असायचंच. वर नुसता आवाज. आवाज खाली आला की आई बटाटे उकडायला टाकायची. पण तो वरच्या वर फिरत राहिला की ती तशीच उभी. फिरत फिरत आवाज निघून गेला की आत यायची आणि कुणाशी बोलायची नाही." ती थांबली. श्वास पुरेपर्यंत थांबावंच लागायचं तिला. "मी कायम खाली होते रे. आईचा हात धरून. आज पहिल्यांदा मी वर आहे."

एवाल्डने न विचारता विमान वळवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण धुक्यात त्याने काही बिघडत नव्हतं. विमान वर गेलं, फिरलं, पुन्हा गावावरून आलं. "आता चर्च," मार्युन म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "आता आमचं परस." होल्गरने मनातल्या मनात गावाचा नकाशा आठवला. सगळं बरोबर होतं.

"अजून एकदा," ती म्हणाली.

अजून एकदा झालं. मग अजून एकदा. आणि मग काट्याशेजारी पिवळा दिवा लागला.

तो इंधनाचा दिवा होता. इंधन होल्गरने भरलं होतं, नियमाप्रमाणे, थेंब न थेंब मोजून. बेटांवर उतरता आलं नाही तर नॉर्वेत बर्गनला जाऊन उतरण्यापुरतं ते आता उरलं होतं, आणि विमानाने निघायला हवं होतं ते आत्ताच.

"जायला हवं," एवाल्ड म्हणाला. त्याच्या आवाजात जोर राहिला नव्हता.

मार्युन हो म्हणाली. फेरोच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण तिने पडद्यावरची नजर काढली नाही, आणि तिचा एक हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट मिटला होता. एवाल्डने तो हात बघितला. त्याला बर्गनकडे तोंड वळवणं जमेना. एवढी बस चालवली आयुष्यभर, पण उतरायला नको म्हणणारं पोर त्याला कधी भेटलं नव्हतं.

"वर मेनूत जा," मागून होल्गर म्हणाला.

"कशाला?"

"जा तर खरं. 'सोयी' म्हणून आहे बघ. ते उघड. खालून दुसरी ओळ."

एवाल्डने उघडलं. खालून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'अमर्याद इंधन.' मंडळाच्या घटनेत ज्यासाठी सभासदत्व जातं, ती ओळ. एवाल्ड चार वर्षं हे सिम्युलेटर वापरत होता, पण असं काही त्यात आहे याचा त्याला पत्ता नव्हता. तो खुर्चीत सावकाश वळला.

"तुला कसं रे माहीत?"

होल्गरचे कान लाल झाले होते. तो विणकामाचा गुंता हातात धरून उभा होता आणि तो कुठे ठेवावा हे त्याला समजत नव्हतं.

"माझी बायको गेली ना," तो म्हणाला, "त्या हिवाळ्यात मला कुठेच उतरावंसं वाटेना."

मार्युनने हात पुढे करून त्याच्याकडून सुया घेतल्या. एवाल्डने ती ओळ दाबली. पिवळा दिवा विझला, आणि त्याने विमान पुन्हा गावाकडे वळवलं.