यागोदाचा ऐसपैस पॅसेज

"पोट आत घे, मी माप घेतेय!" यागोदा ओरडली आणि तिचा नवरा विदोये पॅसेजच्या भिंतीला पालीसारखा चिकटला.

"माप पॅसेजचं घेतेयस की माझं?"

"पॅसेजचं. पण तू मध्ये येतोस. या घरात जे जे मध्ये येतंय ते सगळं आता हलणार, लक्षात ठेव."

विदोयेने लक्षात ठेवलं आणि श्वास सोडला. त्याबरोबर टेप तिच्या हातातून निसटून सर्रकन डबीत गेली.

निश शहरातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये दोन माणसं समोरासमोर आली की एकाला बाथरूममध्ये शिरून दुसऱ्याला वाट द्यावी लागे. एका बाजूला ओळीने खोल्यांची दारं. दुसऱ्या बाजूला बुटांचं कपाट, कोटांचा स्टँड आणि अर्धं डुक्कर मावेल असा आडवा फ्रीझर. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. यंदाच्या ईस्टरला मात्र विदोयेची आई रोसांदा बाथरूमकडे निघाल्या आणि नेमका तेव्हाच तिथून ल्युबिशा बाहेर पडला. ल्युबिशा म्हणजे घरचा कूम. विदोयेच्या लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलेला, त्यामुळे मानाने सख्ख्या भावाच्या वर आणि घेराने दोन भावांएवढा. दोघं फ्रीझरपाशी असे अडकले की कुणी आधी श्वास घ्यायचा याची चर्चा करावी लागली.

सुटका झाल्यावर रोसांदा डोक्यावरचा रुमाल सारखा करत म्हणाल्या, "इथे क्रुसाची खूण करायला हात उचलला तर कोपर भिंतीला लागतं. संताने उभं कुठे राहायचं?"

हे बोलणं साधं नव्हतं. यागोदाचे सासरे वारल्यापासून घराण्याची स्लावा कुणाकडे जाणार, हा प्रश्न लोंबकळत होता. स्लावा म्हणजे कुळाच्या संताचा सण, या घराण्यात नोव्हेंबरातला मित्रोव्दान. तो बापाकडून थोरल्या मुलाकडे जातो, संताच्या तसबिरीसकट. थोरला विदोये. पण धाकट्या मोमिरने गावाबाहेर घर बांधलं होतं आणि त्याच्या अंगणात ट्रक वळत असे.

"या मित्रोव्दानला तुमच्याकडे करून बघू," रोसांदांनी निकाल राखून ठेवला. "नाही जमलं तर मोमिर आहेच."

लहानपणापासून दर मित्रोव्दानला बापाच्या शेजारी उभं राहून मेणबत्तीला काडी लावायचं काम विदोयेचं होतं. त्या दिवशी त्याने ताटातलं अर्धं टाकलं. विदोये ताटात टाकतो म्हणजे आत काय चाललंय, हे यागोदाला सांगावं लागलं नाही.

उन्हाळा सरता सरता तिला हेअर ड्रेसरकडे एका मासिकात उपाय सापडला. डोक्यात रंग तसाच ठेवून ती घरी धावत आली.

"विदोये! अरुंद पॅसेज प्रशस्त कसा करायचा ते सगळं दिलंय! पांढरा रंग, भरपूर उजेड, जमिनीवर एक वस्तू नाही, दारं आतल्या बाजूला उघडणारी, आणि भिंतभर आरसा!"

"तुझ्या मानेवरून काळं काहीतरी गळतंय."

"गळू दे!"

आधी फ्रीझर हलला. तो झोपायच्या खोलीत गेला, तशी तिथल्या कपाटाची दारं उघडेनात, म्हणून कपाट बैठकीच्या खोलीत गेलं. बुटांचं कपाट आणि कोटांचा स्टँड त्याच्या सोबतीला गेले. मग विदोयेने दारांच्या बिजागऱ्या फिरवल्या. बाथरूमचं दार आता आत उघडू लागलं, ते वॉशिंग मशीनवर आपटू लागलं, म्हणून मशीनही बैठकीच्या खोलीत गेलं.

"बाल्कनीत ठेवू या का?" विदोयेने धापा टाकत विचारलं.

"बाल्कनीत कोबीचं पिंप आहे. मशीन आंबत नाही, कोबी आंबतो. कोबीला थंडी लागते."

विदोयेने मशीन आणखी पुढे ढकललं.

आरसा बंद पडलेल्या एका नाचाच्या क्लासमधून मिळाला. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून विदोये आणि ल्युबिशाने तो जिन्याने वर आणला. प्रत्येक मजल्यावर ल्युबिशा थांबून स्वतःकडे बघत होता. "आरसा जाड दाखवतोय रे, बदलून आण," तो म्हणाला.

पण भिंतीवर आरसा चढला, वर पांढरे दिवे लागले, आणि यागोदाच्या तोंडून किंकाळीच फुटली. पॅसेज कुठल्या कुठे पसरला होता! ती दोन्ही हात पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मग उलटी चालली. मग विदोयेला ओढून आणून त्याच्याबरोबर कोलो नाचाच्या चार उड्या मारल्या. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला झाडू ठोकला.

"संत काय, तसबिरीतला त्याचा घोडासुद्धा वळेल इथे!" ती म्हणाली.

मित्रोव्दानला सकाळी विदोये स्लावाचा पाव चर्चमध्ये कापून घेऊन आला, कोट न काढताच बैठकीच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"यागोदा," शेवटी आतून आवाज आला, "टेबल उघडत नाहीये."

"जोर लाव."

"जोर लावून काय? इकडे कपाट, तिकडे मशीन. टेबल काय हवेत उघडू?"

यागोदाने दारातून डोकावलं. खोलीत उरलेल्या जागेत एक विदोये आणि एक मिटलेलं टेबल एवढंच मावत होतं. स्लावाला बोलावणं करायचं नसतं. ज्याला आठवण असते तो येतो, आणि विदोयेच्या बापाची आठवण अख्ख्या मोहल्ल्याला होती. ती मटकन बुटांच्या कपाटावर बसली. मग हळूहळू दोघांनी माना वळवून पॅसेजकडे पाहिलं.

टेबल पॅसेजमध्ये असं बसलं, जणू सुताराने मापच घेतलं होतं. फक्त आरशाच्या बाजूला खुर्च्या ठेवायला जागा उरली नाही. दारांच्या बाजूला स्टुलांवर तळघरातल्या फळ्या टाकल्या. स्वयंपाकघराच्या टोकाला तसबीर, मेणबत्ती आणि रोसांदांची खुर्ची. तिला लागूनच बाथरूम, पण त्याला इलाज नव्हता.

पाहुणे येऊ लागले. दारातच चमचाभर गोड गहू खायचे, "सण सुखाचा जावो, यजमान!" म्हणायचे आणि फळीवर आत आत सरकायचे. थोड्याच वेळात सगळी रांग आरशासमोर, सलूनमध्ये नंबर लावल्यासारखी, स्वतःला जेवताना बघत बसली. गप्पाही आरशातच चालल्या. यागोदा आणि विदोये स्वयंपाकघरातून सार्मा, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, पुढे करत होते आणि ताटं हातोहात दारापर्यंत जात होती.

मोमिरची बायको बिसेर्का सासूकडे पाठ करून, मान वाकवून नवऱ्याला म्हणाली, "शाळेच्या सहलीला आल्यासारखं वाटतंय," आणि तोंड वाकडं केलं.

"बिसेर्का," रोसांदा समोर बघत म्हणाल्या, "समोर आरसा आहे, बाई."

सगळ्यात शेवटी ल्युबिशा आला आणि दाराशी बसला. त्याने पाहुण्याचा धर्म म्हणून एक राकिया, ती फळांची कडक दारू, घेतली, कुमाचा मान म्हणून दुसरी, आणि त्यावर बिअर. मग तो शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "मला जरा जाऊन यायचंय."

फळी आणि टेबल यांच्यामधून ल्युबिशा जायचा तर बाकीच्यांनी उभं राहून पोटं आत घ्यायला हवीत. शेजारी उठला. त्याच्या पलीकडचा उठला. पण मधल्या माणसांना कारण कळायला मार्ग नव्हता. स्लावाला रांगच्या रांग उठते ती संताच्या मानासाठी, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी काटे खाली ठेवले, गंभीर चेहऱ्याने उभे राहिले आणि क्रुसाची खूण केली. ते पाहून दाराकडच्यांनीही केली. ल्युबिशा सगळ्यांच्या पाठी घासत, "माफ करा, माफ करा" म्हणत गेला. परत येताना पुन्हा सगळे उठले.

"आता काय?" विदोये स्वयंपाकघरातून कुजबुजला.

"गप्प राहा," यागोदा म्हणाली. "आईंचा चेहरा दिसतोय का तुला?"

"आरशात दिसतोय. त्या पण खूण करतायत."

ल्युबिशाची बिअर पुन्हा खाली उतरली. दुसऱ्या खेपेला कुणीतरी संताचं स्तोत्र सुरू केलं. तिसऱ्या खेपेला ते सगळ्यांनी उचललं. बिचारा बाथरूमचं दार उघडून बाहेर आला तर समोर अख्खी रांग गात उभी. तो तिथेच छातीवर हात ठेवून उभा राहिला आणि शेवटचं कडवं त्यानेही म्हटलं.

ज्यांना मित्रोव्दान पाळणाऱ्या आणखी दोन घरी जायचं होतं ते मध्येच घड्याळ बघत. पण जो आधी आला तो सगळ्यात आत, आणि बाहेर पडायला अख्खी रांग उठवायला हवी. कोण उठवणार? त्यापेक्षा सार्मा बरी. लोकांनी पट्टे सैल केले. विदोयेच्या बापाच्या गोष्टी निघाल्या. त्याने लग्नात चुकून दुसऱ्याच नवरीला फूल दिल्याची निघाली, तेव्हा रोसांदा डोळे पुसत हसल्या.

अंधार पडता पडता घर रिकामं झालं. मोमिर आणि बिसेर्का मोटार काढायला खाली गेले. रोसांदांनी बोटाने यागोदाला जवळ बोलावलं.

"खरं सांग. कूम संडासला जात होता ना?"

यागोदाने मान डोलावली. "आई, मी... टेबल आत उघडेना, म्हणून..."

"बाथरूमचं दार माझ्या खांद्याला लागून होतं, पोरी. मला पहिल्याच खेपेला कळलं."

"मग तुम्ही खूण का करत होतात?"

"सगळे उठल्यावर मी एकटी बसू?" त्यांनी टेबलावरचा पावाचा चुरा तळहातावर गोळा केला. "तुझे सासरे जन्मभर एकाच गोष्टीवर कुढले. लोक येतात, दोन घास खातात आणि दुसऱ्याच्या संताकडे पळतात. मोमिरच्या अंगणातून तर कोण कधी सटकलं तेही कळत नाही. आज इथून कुणी पळालं?"

"पळता येत नव्हतं, आई."

"तेच तर! तसबीर इथेच राहू दे. विदोये, ये, मेणबत्ती विझव."

विदोये ओले हात पँटला पुसत आला. बाप करायचा तसं त्याने पेल्यात बोट बुडवून वाईनच्या थेंबाने ज्योत विझवली, आणि तिथेच धूर बघत उभा राहिला. यागोदाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला पुन्हा एकदा कोलो नाचावंसं वाटत होतं.

रोसांदा कोट घालून दाराशी पोचल्या. आरशासमोर थांबून त्यांनी एकदा इकडून, एकदा तिकडून सगळा पॅसेज निरखला.

"हा आरसा मात्र पुढच्या वर्षीच्या आत काढून टाक हं," त्या म्हणाल्या. "फार मोकळं वाटतं याने. एखाद्याला उठून जावंसं वाटायचं."